किल्ली आत राहिली

४ मार्च, मंगळवार

बोटांना अजून शाई आहे. दोनदा साबण लावला, जात नाही. ठसे घेतले माझे — सेहेचाळिसाव्या वर्षी!

दुपारी बाराला पुलाच्या अलीकडे नाकाबंदी होती. त्या रस्त्याने रोज जाते, कधी कोणी हात दाखवला नाही. आज दाखवला. शिपाई नवा असावा, बुटांची चकाकी अजून गेली नव्हती. स्कूटरची डिकी उघडायला लावली. आत माझी कातडी गुंडाळी. ती त्याने सीटवर पसरली आणि बघतच राहिला. कुलपात फिरवायचे सतरा आकडे, कुलपाला ताण द्यायच्या चार पट्ट्या, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा, बोटाएवढी बॅटरी. हे काय, म्हणाला. मी सरळ सांगितलं, माझी हत्यारं. बावीस वर्षं धंद्यात आहे, पण पोलिसासमोर ‘हत्यारं’ म्हणू नये एवढी अक्कल नाही मला.

मग खुलासे. मी कुलपांची कामं करते. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान आहे, अण्णांच्या, माझ्या वडलांच्या वेळचं. लोकांच्या किल्ल्या हरवतात, आत राहतात, मी दारं उघडून देते. त्याला ते पटेना. बाईमाणूस आणि कुलपं? माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग आकड्यांकडे बघायचा. शेवटी ठाण्यात.

तिथले साहेब चष्मेवाले, आवाज अगदी खालचा. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, हे जवळ ठेवणं गुन्हा आहे का? चष्मा पुसत म्हणाले, “ठेवणं गुन्हा नाही. कशासाठी ठेवलं ते सिद्ध करता न येणं गुन्हा आहे. करा सिद्ध.”

परवाना मागितला. कुलूपवाल्यांना कसला परवाना असतो मला माहीत नाही. मग विचारलं, ज्यांची दारं उघडता त्यांची नोंद ठेवता का? मी लगेच हो म्हटलं, छाती काढून. वही आहे माझी. तारीख, पत्ता, कोणी बोलावलं, कोणता कागद पाहिला — सगळं लिहिते. अण्णांची शिस्त. मग वही आणि परवाना घेऊन या, आठ दिवस देतो, तोवर हे सामान इथेच, म्हणाले. पावती दिली.

उठता उठता मी विचारलं, एवढी कडक तपासणी कशाला? टेकडीवरच्या वसाहतीत चोरी झाली आहे. तिसरा मजला, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई एकट्या राहतात. पंधरा दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. परवा येऊन बघतात तर कपाट रिकामं. आणि दाराच्या कुलपाला ओरखडासुद्धा नाही.

पायऱ्या उतरून स्कूटरपाशी आले तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिसरा मजला. टेकडी वसाहत. ते दार मी उघडलंय.

५ मार्च, बुधवार

दुकान उघडलं. किल्ल्या कापायचं यंत्र चालू आहे, बाकी हात रिकामे. एक आजोबा आले, औषधांचं कपाट अडकलंय म्हणाले. हात दुखतोय सांगून परत पाठवलं.

खोटं बोलले. हत्यारं ठाण्यात आहेत हे सांगवलं नाही.

६ मार्च, गुरुवार

वहीत बघितलं. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. २० फेब्रुवारी. माझंच अक्षर. “टेकडी वसाहत, तिसरा मजला, डावीकडचं दार. गृहस्थ, पस्तिशीचे. किल्ली आत राहिली. कागद पाहिला नाही.”

कागद पाहिला नाही. हे लिहिलं तरी कशाला? आणि लिहायचं होतं तर पाहिला का नाही?

तो दिवस पुन्हापुन्हा आठवते आहे. फोन आला दुपारी तीनला. मी गेले. जिन्यात माणूस उभा. पायांत घरातल्या सपाता, हातात भाजीची पिशवी. त्याने हसून डोक्याला हात लावला — काय सांगू, वेंधळेपणा, किल्ली आत राहिली. आडनाव सांगितलं. दारावरच्या पाटीवर तेच होतं. पाटी त्यालाही वाचता येत होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही!

अण्णा मला कुलूप शिकवायच्या आधी एक वर्ष नुसतं हेच शिकवत होते. कागद बघायचा. कागद आत असेल तर शेजाऱ्याला विचारायचं. शेजारी नसेल तर येईपर्यंत जिन्यात बसायचं. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू दे. ते म्हणायचे, आकडा कोणीही फिरवेल, बसून राहणं जमलं पाहिजे.

त्या दिवशी मी बसले नाही. शेजारचं दार वाजवलं, कोणी नव्हतं. थांबणार होतेच. तेवढ्यात शाळेतून फोन — पोरीला ताप भरलाय, उलट्या होताहेत, घेऊन जा. तो माणूस म्हणाला, तुम्ही जा हवं तर ताई, मी दुसऱ्या कोणाला बोलावतो. किती समजूतदार! त्या समजूतदारपणानेच घात केला. दोन मिनिटांत उघडून दिलं.

आणि एक आठवतं. दार उघडल्यावर तो चपळाईने आत गेला, हात मागे नेला आणि दिवा लावला. शोधावं लागलं नाही. मी मनात म्हटलं, चला, ह्याचंच घर आहे. आणि निघाले.

७ मार्च, शुक्रवार

परवान्याच्या मागे दिवस गेला. पहिल्या कचेरीत म्हणाले दुकानाचा आहे ना, झालं तर. मी म्हटलं, धंद्याचा हवाय, कुलपं उघडायचा. त्यांनी दुसऱ्या कचेरीत पाठवलं. तिथल्या कारकुनाने मनापासून शोधाशोध केली. बंदूक बाळगायचा अर्ज होता. कुत्रा बाळगायचा होता. मधमाश्या बाळगायचाही होता. कुलपाच्या आकड्यांचा नव्हता. हवं तर मधमाश्यांचा भरा, म्हणाला, आणि स्वतःच हसला. मला हसू येईना.

जे कुठे मिळतच नाही ते मंगळवारपर्यंत आणायचं. म्हणजे उरली फक्त वही. वही दाखवली तर मी कुलूपवाली आहे हे सिद्ध होतं. आणि ते दार मीच उघडलं हेही सिद्ध होतं.

८ मार्च, शनिवार

ह्यांना सांगितलं. चार दिवस पोटात ठेवलं होतं, आज बोलता बोलता सुटलं.

हे गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून ह्यांना कशाची भीतीच उरलेली नाही. सगळं शांतपणे ऐकलं, चहा संपवला. म्हणाले, एक पान फाड. मी म्हटलं, बाकीची वही दाखवायची आणि ते पान फाडायचं? तर म्हणाले, मग काय झालं, त्यांनी पानं मोजली आहेत का? तू चोरी केलेली नाहीस. तू फक्त फसलीस. फसलेल्या माणसाने आपणहून तुरुंगात जायचं नसतं.

मी दिव्याचं सांगितलं. कोणी घरातलाच असेल हो, नाहीतर बटण कसं सापडलं? ह्यांनी मान हलवली. बटण दाराजवळच असतं. भिंत चाचपली की हाताला लागतं. आपल्या घरातही तिथेच आहे.

ते बरोबरच आहे. मला मात्र तो घरातला असायला हवा आहे. म्हणजे माझी चूक अर्धी होईल.

पोरगी दारात उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. मला ताप आला म्हणून झालं का, असं विचारलं नाही तिने. पण जेवली कमी.

९ मार्च, रविवार

काही लिहीत नाही.

१० मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

अकराच्या सुमाराला एक मुलगी दुकानात आली. विशी-बाविशीची, ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलेलं. मी विचारलं, किल्ली करायची आहे का? नाही म्हणाली. मग सांगायला लागली. तिची आई टेकडी वसाहतीत स्वयंपाकाची कामं करते. ज्या बाईंकडे चोरी झाली, त्यांच्याकडे अकरा वर्षं आहे. बाई गावाला जाताना घराची किल्ली हिच्या आईकडे देऊन जातात, झाडांना पाणी घालायला. आता कुलूप मोडलेलं नाही, म्हणजे किल्लीने उघडलं. किल्ली कोणाकडे होती? काकूंकडे, म्हणजे हिच्या आईकडे; वसाहतीत तिला सगळे काकूच म्हणतात. पोलिसांनी शनिवारी नेलंय. घरी झडती झाली, काही सापडलं नाही, तरी सोडत नाहीत. किल्ली कोणाला दिलीस, एवढं एकच विचारत बसतात.

शेजारच्या शिवणवालीने तिला माझ्याकडे पाठवलं होतं. ह्या बाईंना कुलपातलं सगळं कळतं, म्हणाली असेल.

मुलगी म्हणाली, “ताई, मला एकच सांगा. किल्लीशिवाय, ओरखडा न उमटता, कुलूप उघडता येतं का?”

मी म्हटलं, येतं.

तिचा चेहरा एकदम खुलला. मग तुम्ही ठाण्यात येऊन एवढंच सांगाल का? साहेबांना सांगा की असं होऊ शकतं. माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला तिथे बाकावर बसवून ठेवतात.

मी यंत्र पुसायला लागले. पुसलेलंच यंत्र. म्हटलं, बघते. उद्या-परवा बघते. माझंही तिथे एक काम अडकलंय. तिने माझे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. माझे! गेली तेव्हा मी शटर अर्धं ओढलं आणि आत स्टुलावर बसून राहिले.

जिन्यात बसायचं होतं तेव्हा बसले नाही. आता बसतेय.

११ मार्च, मंगळवार

आठ दिवस आज संपतात. गेले नाही.

सकाळी सगळे बाहेर पडल्यावर वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि पट्टी घेऊन बसले. पान फाडायचं, स्वच्छ, शिवणीलगत. पण वही दोऱ्याने शिवलेली. हे पान काढलं की त्याचं जोडपान सुटतं. जोडपानावर नोव्हेंबरमधली कामं. एका बाळंतिणीचं न्हाणीघर, आत बाळ अडकलं होतं. एका शाळेची तिजोरी. एक म्हातारा कोसळून पडला होता, त्याच्या मुलाने रडत बोलावलं होतं. ते काम वाचल्यावर आठवलं की दार उघडून दिल्यावर त्या मुलाने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला होता.

सगळ्यांपुढे लिहिलं आहे: कागद पाहिला. शेजाऱ्याला विचारलं. सरपंचांचं पत्र पाहिलं. बावीस वर्षांत एकदाच लिहिलंय, पाहिला नाही.

पट्टी ठेवून दिली. ह्यांना फोन केला, म्हटलं मी उद्या ठाण्यात जाते, वही घेऊन, सगळी. मागे कोणीतरी गिअर खरवडत होतं. मग म्हणाले, मी सुट्टी काढतो, सोबत येतो.

१२ मार्च, बुधवार

संध्याकाळ. अंग नुसतं ठणकतंय, मार खाल्ल्यासारखं.

हे बाहेर थांबले. मी आत. काकू बाकावरच होत्या. मी त्यांना ओळखत नव्हते, पण गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली बाई एकच होती. त्यांच्याकडे न बघता पुढे गेले.

साहेबांपुढे वही ठेवली आणि ते पान उघडून दिलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, हे तुम्ही उघडलंत? हो. चार तारखेला इथे बसला होतात तेव्हा माहीत होतं? बाहेर पडल्यावर कळलं. मग आठ दिवस काय केलंत? मी म्हटलं, घाबरले. दुसरं काय सांगणार?

ते म्हणाले, “ही ओळ नसती तर मला कधीच कळलं नसतं, हे समजतंय ना तुम्हाला?”

मी म्हटलं, समजतंय.

मला वाटलं, आता आत घालतील. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि गणिताच्या बाईंना बोलावून आणायला सांगितलं. चोरी झाली त्या त्याच. चौतीस वर्षं गणित शिकवलं म्हणे, त्या शिपायालाही. तासाभराने आल्या. बारीक, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी उभी राहिले. माझ्यावर ओरडतील म्हणून अंग चोरून घेतलं. ओरडल्या नाहीत. समोर बसल्या आणि तोंडी परीक्षा घेतात तसे प्रश्न विचारायला लागल्या. उंची? बुटका नव्हता, फार उंचही नव्हता. वय? पस्तिशीचा. आवाज? मऊ. दाढी? नव्हती. काय म्हणाला, शब्द न शब्द सांगा. मी सांगितलं. दार उघडल्यावर काय केलं? दिवा लावला. बटण शोधलं? नाही, लगेच लागलं.

इथे त्या थांबल्या. हात टेबलावर ठेवला. ते बटण कपाटाआड आहे, म्हणाल्या, नवख्या माणसाला सापडत नाही. मग साहेबांकडे न बघता, भिंतीकडे बघत सांगायला लागल्या. त्यांना एक मुलगा आहे. सहा वर्षांपूर्वी, वडलांच्या आजारपणात, मायलेकांत कडाक्याचं भांडण झालं. त्यांनीच त्याला सांगितलं होतं, ह्या घराचं दार तुला बंद. गेला तो गेला. वडील वारले तेव्हाही आला नाही. आता पस्तीस वर्षांचा असेल. कपाटातून बांगड्या गेल्या आहेत आणि वडलांचं मनगटी घड्याळ. ते घड्याळ जुनं, बंद पडलेलं. चोर कशाला नेईल?

पर्समधून फोटो काढला. कॉलेजातला पोरगा, उन्हात डोळे बारीक करून हसतोय. छातीपर्यंतचाच फोटो. मला म्हणाल्या, “हाच का?”

मी बघितलं. सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा चेहरा. असू शकेल. नसूही शकेल. हनुवटी तशीच वाटली, मग वाटलं कोणाचीही हनुवटी अशीच असते. बाई माझ्याकडे बघत होत्या. साहेब बघत होते. दारातून बाकाचा अर्धा भाग दिसत होता आणि काकूंचे पाय. सुजलेले.

मी म्हटलं, असेल.

नीट बघा, म्हणाल्या.

मी म्हटलं, “हो. हाच वाटतो.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं चक्कर येते आहे, पाणी पुढे केलं. पण त्यांना चक्कर आलेली नव्हती. चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काय नाव देऊ? रिझल्ट लागल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी. घरी आला होता, एवढंच पुटपुटल्या.

मग कागद मागितला आणि सुंदर, सरळ अक्षरात लिहून दिलं. घरातलाच माणूस घरात आला होता, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. साहेबांना ते आवडलं नाही. बाई, नीट विचार करा, म्हणाले. त्या म्हणाल्या, सहा वर्षं केला.

काकूंना तिथल्या तिथे सोडून दिलं. त्यांची लेक धावत आली. बाईंनी काकूंपुढे हात जोडले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पण माझ्यापाशी थांबल्या. बाकावर त्यांना आतलं सगळं ऐकू गेलं असणार. लेकीने त्यांना सांगितलं असणार, ह्या ताईंमुळे सुटलीस.

काकू म्हणाल्या, “तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?”

मी मान डोलावली.

“मग मी इथे कशापायी बसले होते?”

उत्तराची वाट न बघता लेकीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरल्या. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा.

१३ मार्च, गुरुवार

पोरीने विचारलं, आता तुला पकडणार नाहीत ना? नाही म्हटलं. मग दोन वाट्या भात खाल्ला.

१४ मार्च, शुक्रवार

सामान परत मिळालं. सतरा आकडे, मोजून. एक वाकवून ठेवलाय कोणीतरी. उघडून बघायचा मोह झाला असणार, त्या नव्या शिपायालाच.

साहेबांनी स्वतःच्या सहीशिक्क्याचं पत्र दिलं. ही बाई कुलूप दुरुस्तीचा व्यवसाय करते, त्यासाठी लागणारी साधने जवळ बाळगण्यास हरकत नाही. ज्याच्यासाठी आठवडाभर वणवण केली तो कागद एवढासा! प्लास्टिकच्या पाकिटात घालून डिकीत ठेवला आहे. पण देताना म्हणाले, पुन्हा कागद न बघता एक दार जरी उघडलंत, तर ही वही तुमच्याच विरुद्ध वापरीन.

बरोबर आहे त्यांचं. उघडायला काही लागत नाही. कोणासाठी उघडलं, तेवढाच प्रश्न आहे.

आज दोन कामं केली. दोन्ही ठिकाणी कागद पाहिला, शेजाऱ्याला विचारलं, वर ओळखपत्राचा फोटोही काढला. दुसरं गिऱ्हाईक वैतागलं. स्वतःच्या घरात शिरायला लग्नपत्रिका दाखवू का, म्हणालं. मी म्हटलं, असेल तर दाखवा.

१८ मार्च, मंगळवार

गणिताच्या बाईंचा फोन. कुलूप बदलायचं आहे, तुम्हीच या. नको वाटत होतं. गेले.

त्याच जिन्याने चढले. बाईंनी चहा केला. घर नीटनेटकं, भांडी मात्र साठलेली. काकू पुन्हा आल्या नाहीत. दोनदा घरी जाऊन आले, म्हणाल्या, दार उघडत नाहीत. बरोबर करताहेत, असंही म्हणाल्या.

पण बाई बदलल्या आहेत. गालांना रंग आलाय. आतली खोली दाखवली. मुलाची. सहा वर्षं बंद होती, आता झाडूनपुसून, पलंगावर चादर. घड्याळ नेलं ते बरं केलं, म्हणाल्या, त्याच्याच वडलांचं आहे. आईकडे तोंड उघडून मागायची लाज वाटली असेल. माझ्यावरच गेलाय. बांगड्याही सुनेलाच जायच्या होत्या, असली तर. त्यांनी बहिणीमार्फत निरोप पाठवलाय. बहिणीच्या मुलाकडे त्याचा नंबर आहे, हे त्यांना सहा वर्षं माहीत होतं. फोन करायचा धीर नव्हता. आता आहे. तो एक पाऊल आलाय, मग मी दोन टाकायला नकोत का?

मी कुलूप काढत होते. हातात स्क्रू, तोंडात शब्द. बाई, मला तितकीशी खात्री नाही हो — एवढंच म्हणायचं होतं. सहा शब्द. त्यांनी मला पाणी हवंय का विचारलं. हो म्हटलं.

नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या. एक त्यांनी ठेवली. एक काकूंसाठी खिळ्याला अडकवली, आल्या तर. तिसरी माझ्याच हातात परत दिली.

म्हणाल्या, “ही तुमच्या दुकानात ठेवा. मी निरोपात तसं सांगितलंय. माझ्याकडे मागायला त्याला जड जाईल. आणि आता त्याच्यासाठी कुलूप उघडू नका. किल्ली द्या.”

परकी किल्ली दुकानात ठेवायची नाही, हीदेखील अण्णांची शिस्त. घेतली. नाही कशी म्हणणार होते?

२१ मार्च, शुक्रवार

रस्त्यावर पस्तिशीचा कोणी दिसला की निरखून बघते. आज औषधाच्या दुकानात एकाच्या मागे उभी राहून त्याचा आवाज ऐकत होते. त्याने वळून विचारलं, काही हवंय का?

ह्यांना सगळं सांगितलं. ‘हाच वाटतो’ कसं म्हटलं, तेही. हे म्हणाले, सुटली ना ती बाई? मग सोड. माझ्याकडे बघितलं नाही मात्र. आणि एरवी माझ्याकडे बघितल्याशिवाय हे बोलत नाहीत.

२४ मार्च, सोमवार

काकूंच्या घरी जाऊन आले. लेकीने दार उघडलं, आई झोपली आहे म्हणाली. आतून भांड्याचा आवाज येत होता. दारातच उभी राहून म्हटलं, माझं चुकलं, एवढं सांग त्यांना. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी एक माणूस दुकानात आला. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून. जवळजवळ सहा फुटी, कानशिलं पिकलेली, घोगरा आवाज. मी मागायच्या आधीच ओळखपत्र पुढे केलं. नाव, आडनाव, वडलांचं नाव — सगळं बरोबर. फोटोतले डोळे. बाईंचा मुलगा.

ह्याला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

तो म्हणाला, “आई म्हणते मी फेब्रुवारीत घरी येऊन गेलो. तिने मला माफ केलंय म्हणे. मी तर सहा वर्षांत ह्या शहरात पाऊल ठेवलेलं नाही. तिची तब्येत बरी आहे ना?”

बरी आहे, म्हटलं. आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.